प्रश्न तुमचे: गॅसपाशी उभं राहवत नाही त्या दिवशी

प्रश्न: अक्का, वय ५८. ७ वर्षांपासून संधिवात आहे, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड म्हणतात तो. दर रविवारी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, सोमवारी मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. सकाळी बोटं वळत नाहीत, लायटरही दाबला जात नाही. मुलगा पुण्याला असतो. अशा दिवशी चहा-बिस्किटांवर भागवते. चूल न पेटवता खाल्लेलं जेवण म्हणायचं का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: म्हणायचं. चहा-बिस्किटांना मात्र नाही, म्हणून तुमचं पत्र आधी घेतलं. हाच आजार माझ्या अंगात १९ वर्षं आहे. खानापूरच्या पावसात बोटं कशी आखडतात ते मी रोज सोसते.

आपल्या भागात शिजवण्या-भाजण्याचं काम बरंचसं आधीच झालेलं असतं. कडक भाकरी भाजलेली, फुटाण्याची डाळ भाजलेली, शेंगांची चटणी भाजून कुटलेली. आपण फक्त जवळ आणून ठेवायचं.

माझं सोमवारचं ताट असं: ज्वारीची कडक भाकरी ताटात ठेवून तळव्याच्या मुळानं दाबते. बोटांना जोर लागत नाही आणि कटकन तुकडे होतात. वर वाटीभर ताक ओतायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. कडा वाकायला लागल्या की चमच्यानं खाता येतं, चावतानाही जबडा दुखत नाही. वर शेंगांची चटणी, सोबत मूठभर फुटाण्याची डाळ. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात, बिस्किटांतून एवढी मिळणार नाहीत. मळमळ जास्त असेल तर चटणी राहू द्या. पातळ पोहे दह्यात कालवा, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घाला. आणि ही मळमळ डॉक्टरांच्या कानावर घालाच, त्यावर उपाय असतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आपल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते. त्यामुळे मोड आलेली मटकी कच्ची खाऊ नका. ज्या ओल्या उबेत मोड येतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. गवळ्याचं दूध न उकळता घेऊ नका, दही उकळलेल्या दुधाचं किंवा पाकिटातलं घ्या. काकडी, मेथीची पानं खाताना वाहत्या पाण्यात नीट धुवा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर साखर वाढू शकते, तेव्हा नुसत्या चुरमुऱ्यांवर पोट भरू नका.

डब्यांचंही बघा. स्टीलचं घट्ट झाकण म्हणजे आपली वैरीणच. कडक भाकरी पावसाळ्यात उघडी ठेवली तर सादळते, म्हणून झाकण हवंच. मी झाकणाच्या मुठीला परकराच्या नाडीचा रुंद फास बांधलाय. त्यात मनगट अडकवून वर ओढते, बोटं लागत नाहीत. डबे ओट्यावर, कमरेच्या उंचीला. वर फळीवर काही नाही.

भरून ठेवण्याचं काम बऱ्या दिवशी, शुक्रवारी-शनिवारी करा. शेजारीण 'काही आणू का' म्हणाली तर नको म्हणू नका, चटणी कुटून मागा.

या रविवारी रात्रीच ताट, चमचा, भाकरी टेबलावर झाकून ठेवा, ताक फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. सोमवारी काय खाल्लंत ते मला कळवा.