राज्यशास्त्रात एम.ए. करून लोकशाही आणि संविधानाच्या अभ्यासात करिअर होतं का? की त्यासाठी एलएलबीच लागतं?

होतं. एलएलबी लागत नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा, पीएचडी यांचा पाढा इथे वाचत नाही, तो तुम्हाला पाठ असेलच. पण तुमचं दुसरं वाक्य झोंबलं, कारण तेच मला मुलाखतीत ऐकवलं गेलंय.

मुंबईतलंच एक कॉलेज. मी सीएचबीवर, म्हणजे तासांवर मानधन मिळतं अशा तात्पुरत्या नोकरीत होते आणि कायम जागा निघाली होती. पॅनेलवरचे ज्येष्ठ सर माझी फाइल बाजूला सारून म्हणाले, "मॅडम, घटना हा वकिलांचा प्रांत. त्यात तुम्ही वेगळं काय शिकवणार?"

म्हटलं, कलम ३५६ घ्या, राज्यात राष्ट्रपती राजवट लावायचं. १९७७ मध्ये जनता सरकारनं काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घरी पाठवली. १९८० मध्ये इंदिराबाईंनी नऊ सरकारं बरखास्त करून उट्टं काढलं, त्यात महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं. मग नव्वदीनंतर हा प्रकार रोडावला कसा? वकील १९९४ चा बोम्मई निकाल सांगेल, सुप्रीम कोर्टानं या कलमाच्या वापरावर बंधनं घातली तो. बरोबरच आहे. पण १९९९ मध्ये बिहारात राष्ट्रपती राजवट लावून वाजपेयी सरकारला ती महिन्याभरात मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवी परत आल्या. ते कोर्टामुळे नाही; राजवटीला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि राज्यसभेत आकडा नव्हता म्हणून. आघाडीच्या राजकारणानं कलमाला कसा लगाम घातला, हे मी शिकवणार.

सर म्हणाले, "हे तर पेपरातलं राजकारण झालं."

जागा एलएलबीवाल्या उमेदवाराला मिळाली. मिळू दे. पण पेपरातलं राजकारण? ३५६ सारखी कलमं कधी वापरावीच लागू नयेत, कागदावरच राहावीत, अशी आशा खुद्द बाबासाहेबांनी संविधान सभेत बोलून दाखवली होती. ती कागदावर का राहिली नाहीत, याचं उत्तर कुठल्या कायद्याच्या गाइडात आहे? सर, वाचत असाल तर सांगा.

असो. तुम्ही एक करा. संविधान सभेच्या चर्चा नेटवर फुकट आहेत. एखादं कलम धरा, त्यावर तिथे कोण काय बोललं ते वाचा आणि पुढे प्रत्यक्षात त्याचं काय झालं ते शोधत या. पीएचडीचा विषय तिथेच सापडेल. पीएचडीचा मार्गदर्शक वकिलीचं कौतुक करणारा निघाला तर लगेच बदला.

आता पैशाचं. सीएचबीला मे महिन्यात तास नाहीत, म्हणजे मानधनही नाही, आणि जे असतं तेही महिनोन्महिने रखडतं. कायम भरती कधी निघेल याचा भरवसा नाही. घरात दुसरा पगार नसेल तर एलएलबी करूनच ठेवा. पोटासाठी हं, संविधान कळायला नव्हे.