वाचक विचारतात : दूरदर्शनचा दिवस कसा ठरतो?

यावेळी टीव्हीवरचे बरेच प्रश्न आलेत, आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळे दूरदर्शनचेच, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : आमचे बाबा दिवसभर सह्याद्री लावून बसतात. सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, दुपारी बायकांसाठी काहीतरी, संध्याकाळी शेती, परत बातम्या, रात्री चर्चा नाहीतर गाणी. एकाच चॅनेलवर एवढं सगळं कशाला? बाकीचे चॅनेल कसे एकच काय ते धरून चालतात.

उत्तर : कारण कायद्यातच तसं लिहिलंय. दूरदर्शन चालवते ती प्रसार भारती ही संस्था, तिचा कायदा १९९० चा, तो लागू व्हायला १९९७ उजाडलं, आणि त्याच्या १२ व्या कलमात कामांची यादीच आहे. शिक्षण आणि साक्षरता, शेती, ग्रामविकास, पर्यावरण, आरोग्य, विज्ञान, शिवाय महिलांचे प्रश्न, आदिवासींच्या गरजा, खेळ, प्रत्येक भागाची भाषा आणि संस्कृती, या सगळ्याकडे लक्ष द्यायचं. खाजगी चॅनेलवर एवढं मोठं बंधन नाही, त्याला जाहिरात मिळेल तिकडे तो जाणार. दूरदर्शनला मात्र हे सगळं २४ तासांत बसवायचं असतं, मग ते बसवतात कसं, तर कुठल्या वेळी घरात कोण असतं ते बघून.

शेतीचा कार्यक्रम संध्याकाळीच का? शेतावरून माणूस येतो, हातपाय धुतो, चहा घेऊन बसतो, ती वेळ ती. दिल्लीला कृषिदर्शन २६ जानेवारी १९६७ ला सुरू झालं, आपल्याकडे मुंबई केंद्रावर ‘आमची माती आमची माणसं’ आलं, आणि ते नुसतं शेतकरीच नाही तर शहरातली माणसंपण बघायची, कारण लावायला दुसरं चॅनेलच नव्हतं हे खरं, पण त्यामुळे मुंबईत बसलेल्या माणसाच्या कानावर खतं, बियाणं, फवारणी हे शब्द रोज पडायचे. हे मला फार मोलाचं वाटतं. आज शेतीचं वेगळं चॅनेल आहे, डीडी किसान, २०१५ पासून, चांगलंच आहे ते, पण ज्याचा शेतीशी संबंध नाही तो तिकडे कशाला जाईल? बाबा दिवसभर एकच चॅनेल लावतात तेव्हा स्वतः निवडलं नसतं असंही बरंच काही त्यांच्यासमोर येतं, तर लावू दे त्यांना. तक्रार करायचीच तर एवढीच की शास्त्रीय गाण्याची चांगली मैफल रात्री उशिरा लावू नका, ऐकणारी निम्मी माणसं तोवर झोपलेली असतात.

प्रश्न : पेपरात बघून एखाद्या कार्यक्रमासाठी थांबावं तर ऐनवेळी भलतंच काहीतरी चालू असतं. असं का?

उत्तर : चॅनेलच्या आत वेळापत्रकाला एफपीसी म्हणतात, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट. त्यात बातम्यांसारख्या वेळा पक्क्या असतात आणि बाकीचं त्यांच्या आजूबाजूला बसवतात. पण लाइव्ह आलं की रेकॉर्ड केलेला कार्यक्रम मागे जातो, कारण तो उद्याही दाखवता येतो. आषाढीची पंढरपूरची महापूजा, १ मेचं शिवाजी पार्कवरचं संचलन, हे काही उद्यावर ढकलता येत नाही. राग बदलाचा नसतो हो, न सांगता केलेल्या बदलाचा असतो, आणि तिथे तुमचं अगदी बरोबर आहे. खाली एक पट्टी फिरवून ‘अमुक कार्यक्रम अमुक वेळी’ एवढं सांगायला काही लागत नाही. केंद्राला पत्र टाका, तारीख आणि वेळ घालून.

प्रश्न : भारताची मॅच शेजारी डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसते, आमच्या केबलवर त्याच चॅनेलवर दुसरंच काहीतरी. केबलवाला फसवतोय का?

उत्तर : नाही, त्याचा दोष नाही. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण खाजगी कंपनीला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं मिळालेलं चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून साध्या अँटेनावर येणाऱ्या प्रक्षेपणात आणि फ्री डिश या स्वतःच्या छत्रीवरच्या सेवेवर दाखवायचं, केबल आणि खाजगी डीटीएचवर नाही. शेजाऱ्यांकडे फ्री डिश असणार. तिला महिन्याचं भाडं नसतं, छत्री आणि बॉक्सचा एकदाच काय तो खर्च.

प्रश्न : आई सांगते की आमच्या लहानपणी टीव्ही फक्त संध्याकाळी असायचा. मग सगळं मावायचं कसं त्यात?

उत्तर : आई बरोबर सांगतायत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून, पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसायचं. संध्याकाळचे थोडेच तास, त्यातच मराठी, हिंदी, गुजराती तिघांना वाटे द्यायचे, मुलांचं ‘किलबिल’, नाटुकल्यांचं ‘गजरा’, शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. बातम्या द्यायला स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी माणसं, म्हणजे उच्चार कसे असावेत ते घरबसल्या कळायचं. मग १९८२ ला रंग आला, आणि त्याच वर्षी दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम पण आला, त्याने रात्रीची सगळ्यात चांगली वेळ घेतली आणि मराठीला त्याच्या आधीची वेळ उरली. हे बऱ्याच जणांना तेव्हा खटकलं होतं आणि माझ्या मते खटकायलाच हवं होतं. दिवस पुढे हळूहळू भरत गेला, १९८४ च्या १५ ऑगस्टपासून दुपारी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कॉलेजच्या मुलांसाठीचे कार्यक्रम, १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी रामायण.

आईंना ते जुने कार्यक्रम परत बघायचे असतील तर सगळे नाही मिळणार. टेप महाग असायची, तीच पुसून परत वापरायचे, त्यात खूप काही गेलं. जे वाचलंय त्यातलं काही प्रसार भारतीने यूट्यूबवर टाकलंय, कार्यक्रमाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडून शोधा, कधी एकाने सापडतं तर कधी दुसऱ्याने.