रशियन धार्मिक तत्त्वज्ञ : चर्चचे की चर्चविरोधी?

प्रश्न : रशियातले ‘धार्मिक तत्त्वज्ञ’ चर्चची बाजू लढवत होते आणि क्रांतिकारक निधर्मी होते, असंच आजवर वाचलं. ते खरं का? वाचन कुठून सुरू करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : क्रांतिकारकांबद्दलचं बरंचसं खरं, तत्त्वज्ञांबद्दलचं नाही. पीटर पहिल्याने 1721 मध्ये चर्चचा कारभार ‘पवित्र सिनॉड’ या पाद्र्यांच्या मंडळाकडे सोपवला. त्यावर देखरेख करणारा ओबेर-प्रोकुरोर पाद्री नसे, झारने नेमलेला अधिकारी असे. चर्च असं सरकारी खातं बनल्यावर सरकारविरुद्ध गेलेला सुशिक्षित माणूस धर्माकडेही पाठ फिरवू लागला. हे तत्त्वज्ञ सरकारी चर्च आणि निधर्मी सुशिक्षित या दोघांच्या कात्रीत सापडले.

व्लादिमिर सोलोव्ह्योव पाहा. मार्च 1881 मध्ये क्रांतिकारकांनी अलेक्झांडर दुसऱ्याला बाँब टाकून मारलं. त्याच महिन्यात सोलोव्ह्योवने जाहीर व्याख्यानात नव्या झारला सांगितलं, की ख्रिस्ती राजा असाल तर मारेकऱ्यांना फाशी देऊ नका. पोबेदोनोस्त्सेव मात्र माफी देऊ नका म्हणून झारला लिहीत होता, आणि चर्चचा ओबेर-प्रोकुरोर तोच! फाशी झाली, सोलोव्ह्योवची अध्यापकी सुटली.

पुढे 1901 मध्ये पीटर्सबर्गच्या लेखकांनी थेट बिशपांशी बोलायचं ठरवलं. मेरेझ्कोव्स्की, झिनाइदा गिप्पिउस, रोझानोव ही त्यातली मंडळी. पोबेदोनोस्त्सेवने चक्क परवानगी दिली आणि ‘धार्मिक-तात्त्विक सभा’ सुरू झाल्या. अध्यक्ष बिशप सेर्गी, जे पुढे पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचे प्रमुख झाले. टॉलस्टॉयचा चर्चने केलेला बहिष्कार, श्रद्धेचं स्वातंत्र्य, विवाह असे विषय निघाले. गाडं अडलं ते इथे : लेखकांना संसार, देह, कला यांना धर्मात नव्याने जागा हवी होती, पाद्री म्हणत, जे सांगायचं ते परंपरेने सांगून झालंय. श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर तर गोची आणखी मोठी. ते मान्य करावं तर ऑर्थोडॉक्स धर्म सोडण्याला गुन्हा मानणारे राज्याचे कायदे चूक ठरणार. आणि त्याच कायद्यांचं कुंपण चर्चभोवती होतं. 22 सभांनंतर एप्रिल 1903 मध्ये पोबेदोनोस्त्सेवनेच त्या बंद केल्या. इतिवृत्तं ‘नोवी पुत’ मासिकात आली, तीही सेन्सॉरची कात्री लागून.

वाचन 1909 च्या ‘वेखी’ या, क्रांतीकडे झुकलेल्या बुद्धिजीवींवर टीका करणाऱ्या संग्रहापासून सुरू करा; इंग्रजी अनुवाद आहे. सात लेखकांचे सात निबंध. बेर्द्यायेव, बुल्गाकोव, फ्रांक आणि स्त्रूवे हे चौघे पूर्वी मार्क्सवादाच्या प्रभावाखाली होते, त्यामुळे टीका घरच्या माणसाची आहे. आधी किस्त्याकोव्स्की वाचा. तो धर्माबद्दल नव्हे, कायद्याबद्दल लिहितो : न्यायाच्या गप्पा मारणारी बुद्धिजीवी मंडळी कायद्याला तुच्छ का मानतात? आमच्या मते संग्रहातला हाच सर्वांत टिकाऊ निबंध. मग बुल्गाकोव : त्याच्या मते नास्तिक क्रांतिकारकाची वृत्तीही धार्मिकच असते, फक्त संताच्या जागी वीर येतो आणि स्वतःच्या दोषांकडे पाहायचं राहून जातं. त्यानंतर सोलोव्ह्योव. बेर्द्यायेव शेवटी, कारण तो वाचायला सोपा आणि ‘रशियन आत्मा’ असा असा म्हणून मोकळा होणारा. आधी तोच वाचला की बाकीचे सगळे त्याच्याच चष्म्यातून दिसतात.

प्रश्न : रशियन इतिहासातल्या एकाच घटनेच्या दोन तारखा सापडतात. कोणती धरावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रशियात फेब्रुवारी 1918 पर्यंत जुनी (ज्युलियन) कालगणना होती. आजच्या कालगणनेतली तारीख हवी तर एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या तारखेत 12 दिवस मिळवा, विसाव्या शतकातल्या तारखेत 13. चर्च आणि राज्य वेगळं करणारा 1918 चा हुकूमनामा म्हणूनच कुठे जानेवारीतला, तर कुठे फेब्रुवारीतला दिसतो. टिपण काढताना कालगणना कोणती तेही लिहून ठेवा. नावांतही घोटाळा होतो : ‘वेखी’तला सेर्गेय बुल्गाकोव 1918 मध्ये पाद्री झाला, पुढे पॅरिसला शिकवू लागला; कादंबरीकार मिखाईल बुल्गाकोव वेगळा. इतिहासकार सेर्गेय सोलोव्ह्योव हे व्लादिमिरचे वडील.