ओला दुष्काळ आणि तेरावा महिना

पुसदच्या एका वाचकाने विचारलंय: दुष्काळ म्हणजे पाणी नसणं, मग 'ओला दुष्काळ' हा वदतोव्याघात नाही का?

नाही. कपाशीत गुडघाभर पाणी साचलं की दरवर्षी कुणीतरी हा शब्द चुकीचा ठरवायला निघतं. दुस् अधिक काल, वाईट दिवस, एवढाच अर्थ. पावसाचा त्यात उल्लेखही नाही. पाऊस न पडण्याला 'अवर्षण' आहे. पेरणीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडं गेलं तर तो 'खंड'. चिडायचंच तर खंडाला दुष्काळ म्हणणाऱ्या बातम्यांवर चिडा.

खरी गंमत 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीत आहे. तेरा अशुभ म्हणून, असं सांगणाऱ्यांनी हा अपशकुन गोऱ्या साहेबाकडून उसना आणलाय. तेरावा म्हणजे अधिक मास, धोंड्याचा महिना. त्या वर्षी कणगीतलं धान्य महिनाभर जास्त पुरवावं लागतं, असं जाणकार समजावतात. कसं काय बुवा? पीक काही पंचांग पाहून येत नाही. मृग नक्षत्र सूर्यावर चालतं. अधिक असो-नसो, 7-8 जूनलाच लागतं.

माझा तर्क वेगळा आहे. म्हण सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुराची असावी. आपल्याकडे त्याचं साल पाडव्याला ठरतं, पाडवा ते पाडवा. मोबदला ठोक, वर्षाचा. अधिक मास आला की राबणं तेरा महिन्यांचं, दाणे मात्र बाराचेच. कणगी खरोखर कमी पडते ती त्याची. मालकाच्या घरी बसून रचलेली म्हण ही नव्हेच, पैजेवर सांगतो.

2023 आठवा. 22 मार्चचा पाडवा, पुढचा थेट 9 एप्रिलला. मधे 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण. 22 जुलैला यवतमाळच्या महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं, आणि मग पावसाने अशी दडी मारली की तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ओला-कोरडा एकाच तेराव्या महिन्यात! हवा बदलली ती अशी. बदाबदा पडून जातो, मग गायब. शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन वाळतं आणि कागदावर सरासरी भरलेली दिसते.

हां, तुमचा प्रश्न. 'ओला दुष्काळ' बिनधास्त म्हणा, पण मदतीच्या अर्जात लिहू नका. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत तो शब्द नाही. तिथे 'अतिवृष्टी' लिहायचं, आणि महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला का, ते आधी तलाठ्याला विचारायचं.