रोज संत्री खाल्ल्याने खरंच काही फायदा होतो का?

होतो, आणि सगळ्यात मोठा फायदा लोहाचा आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मेथी, पालक, डाळी यांतलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. त्याच जेवणासोबत क जीवनसत्त्व असेल तर ते बरंच चांगलं शोषलं जातं. म्हणून हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बायकांनी आणि मुलींनी जेवणानंतर लगेच चहा न घेता एक संत्रं खावं, असं मी कळकळीने सांगेन. चहा उलट लोह अडवतो.

संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. हिरड्या, त्वचा, जखमा भरणं यांसाठी ते लागतंच. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना संत्री आणि लिंबं दिली, तेव्हा ते सगळ्यांत लवकर सुधारले. सर्दी मात्र संत्र्याने टळत नाही.

रस काढू नका. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, चोथा टाकून दिला जातो आणि साखर झटकन रक्तात जाते. फोडी खा, त्यांवरचे पांढरे धागेही खा, त्यांत तंतू असतात. मधुमेह असला तरी एखादं संत्रं बहुतेकांना चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर संत्र्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. नागपुरी संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, तो गोडीला उत्तम.