आधी पाठ बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण मेक्सिकोतल्या झापोटेक लोकांच्या मातीच्या प्राचीन मूर्ती-भांड्यांवरचा तुझा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, एकदा लाल पेन घेऊन. ‘झापोटेकांचा मक्याचा देव’ हे शीर्षक तुझ्या फार मनात भरलेलं दिसतंय, पहिल्याच पानावर ते चार वेळा आलंय. त्याकडे नंतर वळू. आधी मला एवढंच सांग, की तू अकरा छायाचित्रं जोडलीस आणि अकराच्या अकरा समोरून काढलेली. यातल्या एकाही भांड्याची पाठ तुला बघावीशी वाटली नाही?

समोरून बघितलं की मूर्ती दिसते. मांडी घालून बसलेला माणूस, हात गुडघ्यांवर, कानांत वाटीएवढ्या चकत्या, छातीवर पदक, आणि डोक्यावर चेहऱ्याहून मोठा शिरपेच. तोंडावर बहुधा मुखवटा. डोळा तिथंच अडकतो, आणि तो अडकावा अशीच घडण आहे. आता वळसा घालून मागे ये. मागे आहे एक साधं, उभं, गोल नळकांडं. वरून उघडं. नक्षी नाही, घोटाई जेमतेम. म्हणजे हे मुळात भांडं आहे आणि त्याच्या पुढच्या अंगाला माणूस बसवलाय. मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात, झापोटेकांच्या ओआहाका राज्याच्या दालनात, ही मागची बाजू दिसावी म्हणून मी काचेला इतकी चिकटले होते की निघताना काचेवर माझ्या कपाळाचा डाग होता. पदराने पुसला.

पाठ बघितली असतीस तर ‘अस्थिकलश’ हा शब्द तू लिहिलाच नसतास. चूक तुझ्या एकटीची नाही. जुन्या पुस्तकांनी या भांड्यांना ‘अर्न’ म्हटलं, ‘अर्न’ला शब्दकोशात अस्थिकलश सापडतो, झालं. पण झापोटेक आपले मृत पुरत असत, आणि या भांड्यांत राख निघत नाही. बरीचशी उघडली तेव्हा रिकामीच होती. तू ‘मूर्तिपात्र’ लिही. शब्द जरा अवघड आहे, पण खोटं सांगत नाही. आणि ते रिकामपण एका वाक्यात उरकू नकोस. त्यात पाणी ठेवत असतील, दाणे ठेवत असतील, किंवा जाणूनबुजून काहीच नाही. काही का असेना, तुझ्या विषयाचं मर्म त्या पोकळीत आहे, शिरपेचात नाही.

माती. या भागावर तू अर्धं पान दिलंस, मला चार हवीत. चाक त्यांच्याकडे नव्हतं. वळ्या एकावर एक चढवून, मातीच्या पट्ट्या जोडून भांडं उभं केलं जाई. पुढेपुढे चेहरे साच्यात दाबून काढू लागले, म्हणून उशिराच्या काळातले चेहरे एकमेकांचे भाऊ वाटतात. तो राखाडी रंग रंगाचा नव्हे, भट्टीचा आहे. आवा कोंडून हवा तोडली की माती लाल न होता करडी निघते. मोन्ते आल्बान या झापोटेकांच्या जुन्या शहराच्या शेजारच्या आत्सोम्पा टेकडीवर उत्खननात जुनी भट्टी सापडली, आणि खालच्या गावातले कुंभार आजही जवळजवळ तशाच भट्ट्या पेटवतात. ओआहाकातल्याच सान बार्तोलो कोयोतेपेक गावात तर अजून चाकाशिवाय काम चालतं. एक बशी पालथी ठेवायची, तिच्यावर दुसरी उताणी, आणि त्या वरच्या बशीत मातीचा गोळा ठेवून हाताने फिरवत जायचं. चाक नाही म्हणून काम अडत नाही, फक्त भांडं किती फिरवायचं ते हात ठरवतो. हे वाचून सोडू नकोस. घरी दोन बशा घे, वाटीभर माती आण आणि करून बघ. भांडं नाही व्हायचं. पण नळकांड्याच्या एका बाजूला जड माणूस चिकटवला की ते पुढे कसं झुकतं आणि त्या कुंभाराने ते कसं सावरलं असेल, हे बोटांना कळेल.

काळाचा हिशेब तू बरोबर दिलास, फक्त ठिगळ लावल्यासारखा. मोन्ते आल्बान हे शहर इ.स.पू. ५०० च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून वसवलं. मूर्तिपात्रं साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. ८०० या हजार वर्षांतली. मोठ्या घरांच्या जमिनीखाली थडगी असत, पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उघडली जात, आणि पात्रं तिथं, दाराशी, आत, कोनाड्यात ठेवलेली. थडगं क्रमांक १०४ चं उदाहरण घे. दाराच्या वर कोनाडा, कोनाड्यात मातीची बसलेली आकृती, येणाऱ्याकडे तोंड करून. पाठ भिंतीला! नळकांडं कुणाला दिसायचंच नव्हतं. वर राहायचं, खाली आजोबा. हे घरातलं काम आहे, देवळातलं म्हणून वाचू नकोस.

आता तुझा लाडका ‘देव’.

आल्फोन्सो कासो आणि इग्नासिओ बेर्नाल या पुरातत्त्वज्ञांनी १९५२ साली ओआहाकाच्या या पात्रांचा मोठा ग्रंथ काढला. वर्गवारी त्यांची, आणि आजही आपण तिच्यावरच उभे आहोत. कुणाला पंचांगातल्या तारखेवरून नाव दिलं, कुणाला निव्वळ वेशावरून. ‘शिरपेचात गाठ असलेला देव’ असलं प्रामाणिक नाव मला फार आवडतं, जे दिसतं तेवढंच म्हणतं. पण मक्याची कणसं ल्यालेल्या आकृत्यांना त्यांनी ‘पिताओ कोसोबी’ हे नाव लावलं. ते आलं कुठून? हुआन दे कोर्दोवा या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्याने १५७८ साली झापोटेक भाषेचा शब्दकोश छापला, त्यात पिकांचा देव म्हणून हे नाव आहे. वजाबाकी कर. शेवटचं पात्र आव्यातून निघालं आणि हा कोश छापला गेला, यात सातशेहून अधिक वर्षं. शिवाय कोश रचणारा धर्मांतर करायला आलेला, त्याला प्रत्येक गोष्टीमागे एकेक देव हवाच होता. ‘पिताओ’ शब्दाच्या मुळाशी ‘श्वास’, ‘प्राण’ असा अर्थ आहे. मोठा प्राण. त्याचं ‘देव’ असं भाषांतर करताना कोर्दोवाने किती कापलं आणि किती शिवलं, याचा विचार कर.

जॉयस मार्कस या पुरातत्त्वज्ञ बाईंचं म्हणणं तू तळटीपेत ढकललंयस, ते वर आण. त्या म्हणतात, हे देव नव्हेतच. हे मेलेले पूर्वज आहेत, विजेचा मुखवटा घातलेले. अ‍ॅडम सेलेन या अभ्यासकाने पुढे ही सगळी पात्रं एकेक करून पुन्हा तपासली आणि देव की पूर्वज हा झगडा बराच सैल केला. माणूस देवाचं सोंग घेतो, आणि त्या वेळी तो दोन्ही असतो. मला विचारशील तर मी मुखवट्याच्या कडेकडे बघते. कित्येक पात्रांत मुखवट्याखाली माणसाचे ओठ दिसतात. कुंभाराला देवच करायचा असता तर त्याने ओठ कशाला दाखवले असते? पण हा माझा कल झाला, तो तू उतरवून घेऊ नकोस. स्वतः शंभर चेहरे बघ आणि मग ठरव.

मक्याबद्दल तू फार काव्यमय लिहिलंस आणि फार थोडं सांगितलंस. ‘मका म्हणजे जीवन’ हे वाक्य मी खोडलंय. त्याऐवजी हे कर. पाऊस सुरू झालाय, गाडीवर कणसं आलीत. एक कच्चं घे, भाजायच्या आधी ओळी मोज. बारा भरतील, चौदा, सोळा. विषम कधी भरणार नाहीत, कारण मक्याची फुलं जोडीने लागतात. आता पात्राच्या शिरपेचातली कणसं बघ आणि दाण्यांच्या ओळी मोज. काही ठिकाणी दाणे इतके खरे दिसतात, की मेरी युबँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास करून दाखवलं की खऱ्या कणसावर माती दाबून साचा घेतलाय. म्हणजे बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी एखाद्याच्या शेतात पिकलेलं एक ठरावीक कणीस, त्याच्या दाण्यांसकट, तुझ्यासमोर आहे. प्रतीक वगैरे पुढची गोष्ट. आधी ते कणीस आहे. लांबी किती, निमुळतं की गोलसर, आजच्या ओआहाकातल्या ‘बोलिता’ जातीच्या जवळचं की दुसऱ्या कुठल्या, हे विचार. मेक्सिकोतल्या मक्याच्या देशी जातींपैकी निम्म्याहून अधिक त्या एका राज्यात आहेत, तेव्हा प्रश्न पोकळ नाही. त्याच राज्यातल्या मितला गावाजवळच्या गिला नाकित्स गुहेत सापडलेली बोटभर कणसं सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची आहेत. तिथून या शिरपेचापर्यंत कणीस लांब कसं होत गेलं, ती शेतकऱ्यांची करणी आहे, देवाची नव्हे.

आणि मक्याला एकटा काढू नकोस. कणसं ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याच्याच तोंडावर पुष्कळदा कोसिहोचा मुखवटा असतो. कोसिहो म्हणजे वीज आणि पाऊस. जाडजूड नाकाडं, दुभंगलेली जीभ. त्या खोऱ्यात पाऊस मे ते ऑक्टोबर, मध्येच जुलै-ऑगस्टात उघडीप, आणि नेमकी तेव्हाच कणसं भरायची असतात. दुबारपेरणी म्हणजे काय हे ज्यांच्या घरी माहीत आहे त्यांना या मुखवट्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्यांचं २६० दिवसांचं पंचांगसुद्धा ६५ दिवसांच्या चार भागांत वाटलेलं होतं आणि त्या प्रत्येक भागाला कोसिहोच म्हणत. काळ मोजायचा तोही विजेच्या नावाने. तेव्हा ‘मक्याचा देव’ आणि ‘पावसाचा देव’ अशी दोन प्रकरणं करून तू मध्ये जी भिंत घातलीस ती पाड. पात्रांत ती नाही.

आता थोडं कडू. तुझं सातवं छायाचित्र. डोक्यावर कणसं, दोन्ही हातांत कणसं, छातीवरही कणीस. त्याच्यावर तू दोन पानं लिहिलीस. कुठल्या थडग्यातून आलं? तू लिहिलेलं नाहीस, कारण कुणालाच ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला परदेशी संग्राहक ओआहाकात ही पात्रं विकत घेऊ लागले. मागणी वाढली तसा पुरवठाही वाढला. त्याच मातीत, त्याच भट्टीत, तिथल्याच हुशार हातांनी नवी ‘प्राचीन’ पात्रं होऊ लागली. पुढे थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आली. माती शेवटची कधी भाजली ते तिच्या खनिजांत साठलेल्या ऊर्जेवरून कळतं. युरोप-अमेरिकेतल्या बड्या संग्रहालयांतली कित्येक पात्रं तेव्हा शंभर वर्षांचीही निघाली नाहीत. बनावट करणाऱ्याला गिऱ्हाइकाला काय हवं ते माहीत असतं, म्हणून तो चिन्हांची खिरापत वाटतो. ज्याच्यावर फार काही आहे त्याच्यावर आधी संशय घे. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. तिशीत असताना एका मासिकात मी असल्याच एका पात्रावर भरभरून लिहिलं होतं, ‘साक्षात मका’ वगैरे. काही वर्षांनी ते पात्र बनावटांच्या यादीत सापडलं. लेख अजून माझ्या कपाटात आहे, पाहुण्यांना दाखवत नाही. तू फक्त उत्खननात सापडलेली, जागा नोंदलेली पात्रं घे. अकराची पाच होतील. होऊ देत.

डोळ्यांना मका दिसायला लागला की सगळीकडे दिसतो, हे आपल्याकडेही घडलंय. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरातल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, असा दावा कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी १९८९ मध्ये केला. म्हणजे कोलंबसाच्या आधी मका भारतात! पायक आणि सचान या मक्याच्या भारतीय अभ्यासकांनी १९९३ मध्ये उत्तर दिलं, की ते मुक्ताफळ आहे, मोत्यांनी मढवलेलं कल्पित फळ. मला त्यांचं पटतं. तू दोन्ही बाजू वाच, मूर्तिशास्त्र शिकायला याहून चांगला तंटा मिळणार नाही.

त्यावरून आठवलं. नवव्या पानावर तू घटस्थापना आणलीस. घट, माती, रुजवण, अंकुर, जुळतंय खरं. मलाही तिथं उभं असताना आईचा घट आठवला होता. आठवू दे, पण लिहू नकोस. आपला घट आपल्या मातीत आहे, त्यांचं पात्र त्यांच्या घराखाली. तुलना केलीस की वाचक ओळखीच्या गोष्टीवर जाऊन बसतो आणि अनोळखी गोष्ट बघायचं सोडून देतो.

आणखी एक, रागावून सांगते. ‘झापोटेक लोक मानत असत’, ‘त्यांची संस्कृती लयाला गेली’. शहर ओस पडलं, माणसं नाही. आजही चार लाखांहून जास्त लोक झापोटेकच्या निरनिराळ्या बोली बोलतात, मका पेरतात, चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. भूतकाळ फक्त पात्रांना वापर.

पुढच्या महिन्यात ये. येताना पाच पात्रांची रेखाटनं आण, प्रत्येकाची तीन: समोरून, बाजूने, पाठीमागून. पाठीचं चित्र कुठे छापलेलं मिळालं नाही तर संग्रहालयाला पत्र लिहून माग. दोन ओळींचं, नम्र, पात्राचा नोंदणी क्रमांक घालून. शीर्षकाचं तेव्हा बघू.

तुझ्या,
बाई

ता. क. ‘ओक्साका’ नव्हे गं. लिहिताना ओआहाका चालेल, बोलताना ‘वाहाका’ म्हण. आणि माती कालवलेल्या त्या दोन बशा पुन्हा जेवणात घेऊ नकोस.