रेशमाच्या गावाचे मोटारींचे शहर

प्रश्न : जपानमधील टोयोटा हे शहर पूर्वी शेतीवर जगत होते, असे वाचनात आले. मग कारखाना तेथेच का उभा राहिला आणि शेतीचे पुढे काय झाले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आयची प्रांतातील या गावाचे जुने नाव कोरोमो. तुतीचा पाला तोडून रेशीमकिड्यांना घालायचा आणि तयार झालेले कोष विकायचे, यावर तेथील शेतकरी कुटुंबांच्या हाती रोख पैसा येत असे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेची मागणी आटली, कच्च्या रेशमाचे भाव कोसळले आणि गावाचा कणाच मोडला. त्याच दशकात यंत्रमागांच्या घरच्या धंद्यातून मोटारींकडे वळलेले किइचिरो तोयोदा सलग, मोठ्या जागेच्या शोधात होते. गावच्या कारभाऱ्यांनी पुढाकार घेऊन पठारावरील बहुतांशी पडीक जमीन त्यांना मिळवून दिली आणि १९३८ मध्ये कारखाना सुरू झाला. सुपीक भातखाचरांऐवजी माळरान दिले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५१ मध्ये कोरोमोला शहराचा दर्जा मिळाला आणि १९५९ मध्ये त्याने कंपनीचे नाव स्वीकारले.

शेती मात्र संपलेली नाही. सानागे भागातील पीच आणि नासपती आजही प्रसिद्ध आहेत. याहागी नदीचे पाणी मेइजी कालव्यातून शेतांना मिळते, तसेच कारखान्यांनाही. म्हणूनच मे २०२२ मध्ये कालव्याच्या मुखाशी असलेल्या बंधाऱ्याला मोठी गळती लागली, तेव्हा भातलावणीच्या तोंडावर आलेले शेतकरी आणि कारखानदार एकाच वेळी अडचणीत आले.